जीभ, तळहात आणि रोमहून आलेली दोन पत्रं

२००९ सालच्या जून महिन्यात ब्रिटनमधल्या एका कॅथलिक भाविकानं रोमला पत्र पाठवलं. स्वाइन फ्लूची साथ पसरू लागली होती आणि खबरदारी म्हणून तिथल्या धर्मप्रांतात मिस्सेच्या वेळी पवित्र भाकर जिभेवर देण्यावर निर्बंध आले होते. ज्याला कम्युनियन, म्हणजे ही पवित्र भाकर, हवी त्यानं तळहात पुढे करावा, असा एकूण सूर. बिशपांना असं करता येतं का, एवढंच पत्रात विचारलं होतं. २४ जुलैला व्हॅटिकनच्या उपासनाविधी खात्याचं उत्तर आलं. त्याचा आशय असा, की जिभेवर कम्युनियन घेण्याचा हक्क प्रत्येक भाविकाला नेहमीच आहे, २००४ च्या नियमावलीत तो स्पष्ट लिहिलेला आहे, आणि ज्याच्यावर धर्मशास्त्राची बंदी नाही त्याला कम्युनियन नाकारता येत नाही.

अकरा वर्षांनी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातून, नॉक्सव्हिल धर्मप्रांतातून, जवळपास तीच तक्रार रोमला गेली. या वेळी साथ कोविडची होती. तिथले बिशप रिचर्ड स्टिका यांनी जिभेवर कम्युनियन देणं थांबवलं होतं. १३ नोव्हेंबर २०२० ला त्याच खात्यानं कळवलं, की युद्ध किंवा महामारी अशा अडचणीच्या काळात बिशप तात्पुरते नियम करू शकतात आणि ते पाळलेच पाहिजेत.

या दोन पत्रांच्या मधल्या काळात २००४ च्या नियमावलीतलं ते कलम, क्रमांक ९२, एका शब्दानंही बदललं नव्हतं.

फ्लूच्या मोसमात कॅथलिक चर्च आपल्या उपासनेत काय काय बदलतं हे शोधायला बसलं, की आधी हाती लागतात त्या हात धुण्याच्या आणि खोकताना तोंड झाकण्याच्या सूचना. त्या सगळीकडे सारख्याच. पण थोडं पुढे गेलं की लक्षात येतं, की चर्चनं जे जे झटकन सोडलं ते ते आधीपासूनच ऐच्छिक होतं. अडलं ते जिभेपाशी, आणि तिथला वाद जंतूंपेक्षा अधिकाराचा आहे. भाविकाला एकदा दिलेला हक्क तापाच्या मोसमात काढून घ्यायचा, तर कोणी?

ज्यांचा या विधीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मिस्सेत धर्मगुरू वेदीवर गव्हाची बेखमीर पातळ चकती आणि द्राक्षांची वाइन ठेवून प्रार्थना म्हणतात. या चकतीला गोव्याकडे ओस्ती म्हणतात. त्या प्रार्थनेनंतर ती भाकर ख्रिस्ताचं शरीर होते आणि वाइन ख्रिस्ताचं रक्त होते, तेही नुसतं प्रतीक म्हणून नाही, अशी कॅथलिकांची श्रद्धा. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी या श्रद्धेची तात्त्विक मांडणी केली. वस्तूचं सत्त्व बदलतं. रंग, चव, वास, वजन हे बाहेरचे गुण मात्र होते तसेच राहतात. साथीच्या बाबतीत ही मांडणी फार सोयीची ठरते. देवाच्या रक्तातून रोग कसा येईल, असा भाबडा प्रश्न कट्टर भाविक विचारतात, पण चर्चची अधिकृत शिकवण त्यांच्या बाजूची नाही. सत्त्व ख्रिस्ताचं असलं तरी प्याल्याच्या कडेवरची लाळ ही लाळच असते आणि गव्हातलं ग्लुटेन हे ग्लुटेनच.

आता बॉस्टनला जाऊ. ९ जानेवारी २०१३ ला महापौर टॉमस मेनिनो यांनी शहरात सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. त्या मोसमात फ्लूचे सुमारे ७०० रुग्ण नोंदले गेले होते. आधीच्या मोसमात ही संख्या ७० च्या आसपास होती. आयरिश आणि इटालियन वस्तीमुळे बॉस्टन हे अमेरिकेतलं मोठं कॅथलिक शहर. महाधर्मप्रांतानं लगोलग सर्व धर्मग्रामांना सूचना पाठवल्या. भाविकांना प्याल्यातून वाइन देणं बंद, पण ज्यांना वैद्यकीय कारणानं प्याल्यातूनच घ्यावं लागतं त्यांचा अपवाद. दाराशी असलेली पवित्र पाण्याची कुंडं रिकामी करून जंतुनाशक साबणानं धुवायची आणि मग पुन्हा भरायची. शांतीचं अभिवादन करताना हात मिळवण्याची सक्ती नाही. कम्युनियन जिभेवर घ्यायचं की हातावर, हे भाविकानं ठरवायचं. देणाऱ्यानं मात्र आपलं बोट जिभेला किंवा तळहाताला लागणार नाही याची काळजी घ्यायची.

या सूचना ज्यानं लिहिल्या त्याला धर्मशास्त्र आणि साथरोग या दोन्हींची जाण असणार. वैद्यकीय अपवाद कोणासाठी? तर सिलिअॅक रुग्णांसाठी, ज्यांना गहू चालत नाही. कॅथलिक नियमांनुसार ओस्ती गव्हाचीच लागते. तांदळाची किंवा नाचणीची चालत नाही. मिसुरी राज्यात क्लाइड इथल्या बेनेडिक्टाइन सिस्टरांनी अगदी नाममात्र ग्लुटेन असलेली ओस्ती तयार केली, पण तीही न सोसणाऱ्यांना वाइन हाच एक मार्ग उरतो. आणि कुंडातलं जुनं पाणी? ते मोरीत ओतायचं नाही. जुन्या चर्चमध्ये वेदीमागच्या खोलीत, म्हणजे साक्रिस्तीत, एक खास कुंडी असते. तिची नळी गटाराला जोडलेली नसते, थेट जमिनीत उतरते. पवित्र पाणी तिथेच सोडायचं.

पवित्र पाण्याचा प्रश्न तसा किरकोळ. येणारा-जाणारा त्यात बोटं बुडवतो आणि क्रूसाची खूण करतो, म्हणजे सगळ्या गावाची बोटं एका भांड्यात. ते रिकामं केलं तर कुणाचा संस्कार अडत नाही. तरीही २००९ च्या नोव्हेंबरात इटलीत मिलानजवळच्या फोर्नाची दि ब्रियोस्को या गावी लुचानो मराबेसे नावाच्या गृहस्थांनी पवित्र पाण्याचं एक यंत्र बनवलं. हात खाली धरला की सेन्सरला कळतं आणि पाण्याचे थेंब तळहातावर पडतात, विमानतळावरच्या साबणाच्या यंत्रासारखे. चेष्टा झाली, पण मागणीही आली.

शांतीचं अभिवादन हे त्याहून सोपं, आणि इथे भारताचा संबंध येतो. मिस्सेत कम्युनियनच्या थोडं आधी लोक एकमेकांना शांती देतात. युरोप-अमेरिकेत त्यासाठी हात मिळवतात, मिठी मारतात, काही ठिकाणी गालाला गाल लावतात. मूळ नियमातच ही कृती गरजेनुसार करावी असं म्हटलेलं आहे, त्यामुळे ती वगळायला रोमची परवानगी लागत नाही. भारतात हा प्रश्न आधीच मिटला होता. १९६० च्या दशकात जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली; तिच्यानंतर भारतीय बिशपांनी उपासना या मातीला जुळेल अशी करण्यासाठी बारा बदल सुचवले आणि २५ एप्रिल १९६९ ला रोमनं ते मान्य केले. बूट काढून बसणं, आरती, पंचांग प्रणाम यांच्याबरोबर त्यात एक बदल असा होता, की शांतीचं अभिवादन हात जोडून करता येईल. त्या वेळी काही जुन्या वळणाच्या कॅथलिकांनी या बाराही बदलांना हिंदूकरण म्हणून नाकं मुरडली होती. चाळीस वर्षांनी फ्लूच्या साथीत पाश्चात्त्य धर्मगुरू आपल्या भाविकांना हात न मिळवता नुसतं झुकायला शिकवत होते. इकडे मुंबईच्या चर्चमध्ये कुणाला नव्यानं काही शिकवावं लागलं नाही.

पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट विसरता येणार नाही. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला आणि आठवडाभरात मास्क मिळेनासे झाले, शाळा बंद पडल्या. पाश्चात्त्य देशांत फ्लूचा मोसम म्हणजे हिवाळा. आपल्याकडे त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. म्हणून तिकडचे बिशप ख्रिसमस उरकला की परिपत्रकं काढतात, आणि आपल्याकडे ती वेळ गणपतीच्या आणि बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेच्या आसपास येते. त्या वर्षी मुंबईतही ओस्ती जिभेवर न देता तळहातावर देण्याच्या सूचना गेल्या. फार खळबळ झाली नाही. तळहातावर घेण्याची सवय इथे अनेकांना आधीच होती आणि प्याला सामान्य रविवारी लोकांना द्यायची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच.

प्याल्याची गोष्ट मात्र मोठी आहे. एकाच प्याल्याला शंभर जणांनी ओठ लावायचे हे ऐकून मराठी वाचकाच्या मनात पहिल्यांदा उष्ट्याचा विचार येईल. तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंटांच्या मनातही आला. रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला आणि दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या चर्चमधून छोट्या छोट्या वेगळ्या पेल्यांची मागणी सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात डॉक्टरांनी त्यासाठी मोहीमच काढली. पुढे १९०९ मध्ये कॅन्सस राज्यानं रेल्वेत आणि शाळेत सगळ्यांसाठी ठेवलेल्या एका पेल्यावरच बंदी घातली. या सगळ्या गदारोळात कॅथलिक शांत होते, कारण त्यांच्या भाविकांच्या ओठाला प्याला लागून सहाएकशे वर्षं झाली होती.

प्याला गेला होता तो रोगामुळे नाही. बाराव्या-तेराव्या शतकात पश्चिम युरोपात तो हळूहळू मागे पडला, कारण ख्रिस्ताचं रक्त जमिनीवर सांडण्याची भीती. मग धर्मशास्त्रानं त्याला आधार दिला: भाकरीतही संपूर्ण ख्रिस्त आहे आणि वाइनमध्येही संपूर्ण ख्रिस्त आहे, तेव्हा एकच घेतलं तरी काही उणं राहत नाही. बोहेमियातल्या यान हुस या सुधारक धर्मगुरूच्या अनुयायांना हे पटलं नाही. लोकांना प्याला मिळालाच पाहिजे म्हणून ते उभे राहिले. १५ जून १४१५ ला कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेनं लोकांना प्याला देण्यावर बंदी घातली, तीन आठवड्यांनी, ६ जुलैला, हुसला जिवंत जाळलं, आणि त्यानंतरच्या युद्धांत हुसपंथीयांच्या निशाणावर प्याला आला. ट्रेंटच्या परिषदेनं १५६२ मध्ये तीच शिकवण पुन्हा ठामपणे मांडली. प्याल्याचं दार पुन्हा उघडलं ते १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, आणि तेही किलकिलं. अमेरिकी बिशपांनी मात्र पुढच्या वीस वर्षांत ते सताड उघडलं. रविवारच्या मिस्सेत शेकडो लोक प्याल्यातून पिऊ लागले, आणि फ्लूचा प्रश्न कॅथलिकांच्या दारात आला तो तेव्हा.

वैज्ञानिक काय म्हणतात? शिकागोत विल्यम बरोज आणि एलिझाबेथ हेमेन्स यांनी १९४३ मध्ये चांदीच्या प्याल्यावर प्रयोग केले; गुळगुळीत धातूवर जंतू फार टिकत नाहीत आणि एका ओठावरून दुसऱ्यावर अगदीच थोडे जातात, असं त्यांना दिसलं. इंग्लंडमध्ये १९६७ मध्ये झालेल्या प्रयोगांत प्रत्येक घोटानंतर प्याल्याची कडा लिननच्या फडक्यानं पुसली तर जंतू सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतात, असं आढळलं. वाइनमधल्या मद्यार्कानं मात्र विशेष काही होत नाही. तो जंतू मारण्याइतका तीव्र नसतो आणि ओठ लागण्यात वेळही फार थोडा जातो. न्यू जर्सीतल्या अॅन लव्हिंग या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ६८१ लोकांची पाहणी छापली. रोज कम्युनियन घेणारेही इतरांपेक्षा जास्त आजारी पडत नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांनी लिहिलं, की सामायिक प्याल्यातून कुठला रोग पसरल्याची नोंद नाही. धोका शक्य आहे, पण इतका कमी की मोजता येत नाही.

म्हणजे प्याला बंद करण्यामागचा पुरावा कमजोर आहे. तरीही प्रत्येक फ्लूच्या मोसमात सगळ्यांत आधी तोच बंद होतो. मेन राज्यातल्या पोर्टलंडचे बिशप रॉबर्ट डीली यांनीही जानेवारी २०१८ मध्ये तसंच केलं. त्या हिवाळ्यात अमेरिकेत एच३एन२ फ्लूनं कहर मांडला होता. प्याला आधी जातो, कारण तो सोडताना कॅथलिकाला कसलाच तोटा होत नाही, असं सातशे वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. धर्मगुरूला मात्र सुटका नाही. मिस्सा पूर्ण व्हायची तर त्यानं भाकर आणि वाइन दोन्ही घेतलीच पाहिजेत. शिवाय उरलेलं कुठे टाकायचं नसतं. लोकांना प्याला दिला जात होता तेव्हा शेकडो ओठांना लागून उरलेला शेवटचा घोट पिण्याचं काम वाटप करणाऱ्याच्या वाट्याला यायचं. प्याला बंद झाल्याचं खरं समाधान कुणाला झालं असेल तर त्यालाच.

काहींनी मधला मार्ग म्हणून ओस्ती वाइनमध्ये बुडवून देण्याची पद्धत सुचवली. भाविकानं स्वतः बुडवायला कॅथलिक नियमांची सक्त मनाई आहे, आणि इथे नियम आणि आरोग्य एकाच बाजूला येतात. घाईत बोटाचं टोकही वाइनमध्ये बुडतं, आणि बोट ओठापेक्षा जास्त ठिकाणी फिरून आलेलं असतं.

बोटाची गोष्ट निघालीच आहे तर २०१३ चीच नॉर्थ डाकोटातली घटना सांगायला हवी. फार्गोचे नवे बिशप जॉन फोल्डा इटलीतल्या एका परिषदेत दूषित अन्नातून हिपटायटिस ए घेऊन आले. हे कळेपर्यंत त्यांनी काही चर्चमध्ये कम्युनियन दिलं होतं. राज्याच्या आरोग्य खात्यानं त्या मिस्सांना हजर असलेल्यांना जाहीर सावध केलं. फ्लूच्या परिपत्रकांत घेणाऱ्याच्या जिभेवर आणि हातावर बरंच लिहिलेलं असतं, पण रांगेतल्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारं एकच बोट असतं, आणि ते देणाऱ्याचं.

आता जीभ आणि तळहात. सुरुवातीच्या शतकांत सगळेच हातावर घेत. चौथ्या शतकातल्या जेरुसलेमच्या सिरिल यांच्या नावावरच्या प्रवचनांत पद्धत तपशिलानं सांगितली आहे: डाव्या हाताचं सिंहासन करून त्यावर उजवा हात ठेवायचा आणि तळवा खोलगट करायचा. आपण देवळात तीर्थ घेतो तेच रूप. त्याच प्रवचनांत पुढे असंही आहे, की प्याल्यातून घेतल्यावर ओठांवर राहिलेला ओलावा बोटांनी डोळ्यांना आणि कपाळाला लावावा. हे वाचून आजच्या साथरोगतज्ज्ञाला घाम फुटेल. नवव्या-दहाव्या शतकापर्यंत पश्चिमेत हात मागे पडला आणि जीभ आली. कारण तेच, सांडण्याची भीती, त्याला जोड धर्मगुरूचे हातच अभिषिक्त आहेत या भावनेची. पुढे हजार वर्षं कॅथलिकाला गुडघे टेकून तोंड उघडणं हीच कम्युनियनची पद्धत माहीत होती.

१९६० च्या दशकात नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या काही चर्चनी परवानगी न विचारता पुन्हा हातावर द्यायला सुरुवात केली. पोप पॉल सहावे यांनी जगातल्या बिशपांचं मत मागवलं. १२३३ बिशपांनी, म्हणजे निम्म्याहून जास्त जणांनी, हातावर देण्याला विरोध केला. २९ मे १९६९ ला निघालेल्या पत्रकात जिभेवर देण्याचीच पद्धत कायम ठेवली, पण जिथे हातावर देण्याची पद्धत आधीच रूढ झाली आहे तिथल्या बिशपांनी दोन तृतीयांश बहुमतानं मागितल्यास परवानगी मिळेल, अशी वाटही ठेवली. त्या फटीतून एकेक देश आत आला. अमेरिकेला १९७७ मध्ये परवानगी मिळाली आणि बघता बघता हात हीच तिथली सर्वसाधारण पद्धत झाली.

परंपरावादी कॅथलिकांच्या मनात हा इतिहास ताजा आहे. त्यांच्या दृष्टीनं हातावर कम्युनियन म्हणजे नियम मोडणाऱ्यांना मिळालेलं बक्षीस. जिभेचा हक्क कलम ९२ मध्ये लिहिला गेला तो त्यांना दिलेली हमी म्हणून. अशा माणसाला फ्लूचं निमित्त करून हात पुढे करायला सांगितलं, की हे तात्पुरतं आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. एकदा असंच झालं होतं ना?

आणि वैद्यकीय बाजू तितकी भक्कम असती तर त्याचं तोंड बंद करता आलं असतं. तशी ती नाही. जिभेवर देताना बोट लाळेला लागण्याचा धोका उघड आहे, शिवाय उघड्या तोंडाजवळ उभं राहावं लागतं. पण हातावर घेणारा माणूस तोच हात बाकाला, दाराच्या कडीला, पैशांना लावून आलेला असतो, आणि त्याच हातानं ओस्ती तोंडात घालतो. २ मार्च २०२० ला ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या महाधर्मप्रांतानं दोन डॉक्टरांचा सल्ला घेऊन जाहीर केलं, की नीट केलं तर दोन्ही पद्धतींत धोका जवळपास सारखाच आहे आणि जिभेवर मागणाऱ्याला नकार देता येणार नाही. पंधरवड्यात अमेरिकेतली बहुतेक चर्च भाविकांसाठी बंदच झाली, तो भाग वेगळा. माझा स्वतःचा कल हाताकडे आहे; उंच धर्मगुरू, लहान मूल, थरथरणारा म्हातारा, यांच्यात दर वेळी बोट जिभेला न लावता ओस्ती ठेवणं कुणालाच जमणार नाही. पण हे अनुभवातून केलेलं अनुमान झालं. अनुमानाच्या आधारावर हक्क काढून घ्यायचा, तर घेणाऱ्याच्या हाती तसा अधिकार असावा लागतो, आणि तो कोणाचा हे २००९ मध्ये रोमनं सांगितलं होतं: बिशपांचा नाही.

मग २०२० मध्ये उत्तर फिरलं कसं? दुवा आहे १५ ऑगस्ट २०२० च्या एका पत्रात. उपासनाविधी खात्याचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी जगातल्या सगळ्या बिशपांच्या परिषदांना ते लिहिलं आणि ३ सप्टेंबरला पोप फ्रान्सिस यांनी त्याला मान्यता दिली. लवकरात लवकर लोकांना चर्चमध्ये परत आणा, पडद्यावरची मिस्सा खऱ्या मिस्सेची जागा घेऊ शकत नाही, असं त्यात कळकळीनं म्हटलेलं आहे. शेवटी आज्ञापालनाचा एक परिच्छेद येतो: अडचणीच्या काळात बिशप जे तात्पुरते नियम करतील ते पाळावेत, आणि परिस्थिती सुधारली की ते आपोआप संपतात. नोव्हेंबरात नॉक्सव्हिलला गेलेलं उत्तर याच परिच्छेदावर उभं होतं. त्यावर सही खात्याचे सचिव आर्चबिशप आर्थर रोश यांची.

यातली गंमत अशी, की हे सारा म्हणजे जिभेवरच्या कम्युनियनचे जगातले सगळ्यांत मोठे पुरस्कर्ते. अडीच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, एका इटालियन पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी हातावर देण्याच्या पद्धतीवर कडाडून टीका केली होती. ज्यांच्या नावानं परंपरावादी दाद मागत होते, त्यांच्याच सहीनं बिशपांच्या हातात जिभेवर बंदी घालायची ताकद गेली. मला यात दांभिकपणा दिसत नाही. सारांना ज्याची धास्ती होती ते म्हणजे कायमचे ओस पडलेले बाक, आणि त्यापुढे त्यांनी जीभ काही काळ बाजूला ठेवली.

साथीच्या इतिहासात चर्चनं याहून मोठ्या तडजोडी केल्या आहेत. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानचे कार्डिनल कार्लो बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा बघता येईल. प्लेगच्या रोग्याला लांब दांड्याच्या चमच्यानं कम्युनियन देत. मुंबईत १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत गिरगावपासून बांद्र्यापर्यंत गल्लीबोळांत उभे राहिलेले क्रूस आजही दिसतात. वाडीतले लोक संध्याकाळी त्यांच्याभोवती जमून प्रार्थना म्हणत. आणि तडजोड न केल्याची किंमतही माहीत आहे. सप्टेंबर १९१८ मध्ये स्पेनमधल्या सामोरा शहरात फ्लू पसरत होता. आरोग्य अधिकाऱ्यांचं न ऐकता तिथले बिशप आंतोनियो आल्वारो बाल्यानो यांनी संत रोक यांच्या नावानं नऊ दिवसांची प्रार्थना ठेवली. संत रोक हे प्लेगपासून राखणारे संत. शहर लोटलं, कम्युनियनला रांगा लागल्या, आणि संतांच्या अवशेषांचं चुंबन घ्यायला लोक एकामागून एक पुढे येत राहिले. त्या साथीत स्पेनमधल्या सगळ्यांत जास्त मृत्युदराच्या शहरांत सामोराचं नाव आहे. बिशपांचा लौकिक मात्र त्यामुळे कमी झाला नाही; संकटात धीर दिला म्हणून शहरानं त्यांचा पुढे गौरवच केला.

आजच्या परिपत्रकांत सामोराला खरं उत्तर देणारं वाक्य बहुधा सुरुवातीलाच असतं आणि वाचणारे ते ओलांडून प्याल्याकडे आणि जिभेकडे धावतात. ज्याला ताप आहे त्यानं घरी थांबावं. रविवारची मिस्सा चुकवल्याचं पाप त्याला लागत नाही. रविवारची मिस्सा जाणूनबुजून बुडवणं कॅथलिक शिकवणीत गंभीर पाप आहे. लहानपणापासून हे कानावर पडलेला माणूस नाक गळत असतानाही येऊन बसतो आणि शेजारच्या चौघांना देऊन जातो. कुंडं, फडकी, बोटं या सगळ्यांची मिळून जितकी मदत होत असेल, त्याहून जास्त या एका वाक्यानं होते, जर धर्मगुरूंनी ते वेदीवरून मोठ्यानं वाचलं तर.

कोविड ओसरल्यावर बहुतेक गोष्टी पूर्ववत झाल्या. कुंडांत पाणी आलं, अमेरिकेत हात पुन्हा मिळू लागले, जिभेवरची बंदी उठली. कलम ९२ जसंच्या तसं आहे, आणि २०२० चं पत्रही मागे घेतलेलं नाही, त्यामुळे पुढच्या साथीत दोन्ही बाजूंच्या हातात एकेक कागद असेल. प्याला मात्र अमेरिकेतल्या कितीतरी धर्मग्रामांत परतलेलाच नाही. त्यासाठी कुणी रोमला पत्रं लिहीत नाही. एक भांडं कमी, एक रांग कमी, मिस्सा पाच मिनिटं लवकर आटोपते. ज्याला गहू सोसत नाही अशा भाविकाला तेवढं दर रविवारी लवकर येऊन, साक्रिस्तीचं दार वाजवून, आपल्यासाठी वेगळा प्याला ठेवायला सांगावं लागतं.